आधी कोण?

३ मार्च, सोमवार

चिप पुन्हा ठप्प! संगणकावरची चाचणी लावली, आणि ती नुसती गप्प बसली. चूकही दाखवत नाही. काय म्हणावं हिला!

बाकीच्या चिपांत सगळे भाग आतल्या घड्याळाच्या एका ठोक्यावर हलतात. आमच्या चिपला ठोकाच नाही, शेजारी शेजाऱ्याशी बोलून काम उरकतो. त्यातच तर सगळी मजा! पण साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत चालली नाही, तर मुकाट ठोका बसवा." म्हणजे आमची सगळी मेहनत पाण्यात.

४ मार्च, मंगळवार

दोन भाग बोलतात ती वाट म्हणजे चॅनल; तिचे प्रकार तीन. पुशमध्ये देणारा सुरुवात करतो — 'हे घे'. पुलमध्ये घेणारा — 'दे ना'. सिंकमध्ये काहीच जात नाही, नुसतं 'आहेस?' 'आहे.' मला हा शेवटचाच फार आवडतो.

दिवसभर तेच तपासलं. मध्येच ताई आठवली. आई गेल्यावर आईचं शिलाई मशीन तिने परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं. मी म्हणाले, "मला द्यायचं होतंस." ती म्हणाली, "मागायचं होतंस." तेव्हापासून अबोला. चूक तिची, फोन तीच करेल.

६ मार्च, गुरुवार

सापडलं!!! देणारा भाग दाढीवाल्याचा — माझ्या शेजारच्या टेबलावरचा — आणि घेणारा माझा. आराखड्यात आम्ही नुसतं 'चॅनल' लिहिलेलं, प्रकार ठरवलाच नाही! त्याने पुल धरला, मी पुश. दोन्ही भाग हात बांधून बसलेले.

"मला वाटलं, तू मागशील," तो म्हणाला.

"मला वाटलं, तू देशील."

पोट धरून हसलो. माझ्याकडचा एक शब्द बदलला — आणि धो धो चालली! साहेब म्हणाले, "बरं, राहू दे ठोका." मला नाचावंसं वाटत होतं.

घरी जेवताना त्याचं वाक्य पुन्हा कानात आलं. मला वाटलं, तू मागशील. घास हातातच राहिला.

७ मार्च, शुक्रवार

चिप कारखान्याकडे रवाना! उद्या आईचा वाढदिवस. फोन घेतला, ठेवला. चिपला शहाणपण शिकवणारी बाई मी!

८ मार्च, शनिवार

सकाळी ताईला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. म्हटलं, आता नाही लावत. तेवढ्यात तिचा मेसेज — "कधीची लावतेय, तुझा सारखा बिझी. कुणाशी बोलतेयस एवढं?"