एन्ड्युअरचं कार्ड

सोमवार, ३. सकाळी १०.
शालेय इंग्रजी-मराठी कोशातल्या 'एन्ड्युअर' या क्रियापदाचं कार्ड अखेर माझ्याकडे आलं. अर्थ छापील आहे: त्रास होत असताना, तक्रार न करता सोसत राहणे. खाली उदाहरणाचं वाक्य मी द्यायचं. संपादक म्हणाले, शुक्रवारपर्यंत द्या, घडलेलं वाटलं पाहिजे. पास झालं तर कोशाच्या पहिल्या पानावर नाव! अकरा वर्षं नुसती प्रुफं तपासली. सोसण्यात माझा हात कोण धरणार? आजच देतो. जेवणानंतर.

मंगळवार, ४.
काल जेवणानंतर पंखा बंद पडला. आज दिलं: 'टायपिस्टबाईंच्या शिंका मी अकरा वर्षं निमूट सोसल्या.' टाइप अर्थात बाईंनीच केलं. परत आलं. शेरा: 'निमूट?' बाई दिवसभरात एकदाही शिंकल्या नाहीत. मुद्दाम.

बुधवार, ५.
तीन वाक्यं दिली. ऑफिसचा चहा, माझ्या खुर्चीचा वर आलेला खिळा, मेहुणा. तिन्ही परत. शेरा: 'ही वाक्यं नव्हेत, अर्ज आहेत.' उद्यापासून तक्रार पूर्ण बंद.

गुरुवार, ६. संध्याकाळी ८.
निश्चय साडेदहापर्यंत टिकला. खिळा. घरी आल्यावर हिला सगळं सविस्तर सांगितलं. सव्वा तास. ही इस्त्री करत होती. शेवटी म्हटलं, तूच सांग एखादं वाक्य. इस्त्री न थांबवता म्हणाली, तिने खूप वर्षं सोसलं, पण बोलली कधीच नाही.
कोण ती? काय सोसलं? तपशील शून्य. बहुतेक हिची मावशी. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्यासारखा माणूस घरात, तरी हिला वाक्य बांधता येत नाही.

शुक्रवार, ७. दुपारी ४.
दुसरं सुचेना, म्हणून हिचंच दिलं. पास!! संपादकांनी दोनदा वाचलं. कुणाचं, विचारलं. पहिलं पान डोळ्यांसमोर होतं. माझंच, म्हणालो. मग लग्नाला किती वर्षं झाली, विचारलं. वीस म्हटलं. चष्मा काढून म्हणाले, आज लवकर घरी जा. कदर झाली एकदाची.

तोच दिवस. संध्याकाळी ७.
रोज साडेसहाला येतो, आज पाचलाच पोचलो. जिन्यात गाणं ऐकू आलं. रेडिओ वाटला. दाराशी आलो, तर ही गात होती. भांडी घासता घासता, मोकळ्या आवाजात. हिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.
किल्ली फिरवली आणि गाणं थांबलं. का थांबलीस म्हटलं, तर म्हणाली, सवय. रोज गातेस का? म्हणाली, तुम्ही यायच्या आत. आणि चहा ठेवला.
पहिल्या पानाचं सांगणार होतो, सांगवेना. फार वाईट वाटलं.
सोमवारी संपादकांना खरं सांगायचं, नाव हिचं घाला म्हणायचं. आणि साडेसहाच्या आत घरी यायचं नाही. ऑफिसातच थांबायचं. खिळा टोचला तरी बसायचं. बोलायचं नाही.