बेंझीनचा नगण्य वास

बाबा, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्ही गेल्यानंतरच्या एवढ्या वर्षांत हा राग निवायला हवा होता, निवला नाही.

नेरूळच्या आपल्या स्वयंपाकघरात रविवारी आई पुऱ्या लाटायची आणि तुम्ही ओट्यावरच्या पिठात बोटानं षटकोन काढायचात. हे बेंझीन. शाळेत सिस्टर ‘मॉलिक्यूल’ म्हणायच्या तेव्हा ती परीक्षेला येणारी गोष्ट वाटायची. तुम्ही ‘रेणू’ म्हणालात की समोरच्या ब्लॉकमध्ये कुणी नवीन राहायला आल्यासारखं वाटायचं. याला पाणी आवडत नाही, तेलाशी मात्र छान जमतं. सहा जण हात धरून उभे आहेत, सहजी सोडायचे नाहीत. आणि एका थेंबात इतके, की मोजायला जगातली सगळी माणसं बसवली तरी त्यांचा जन्म पुरणार नाही. पुरी हातात गार होईपर्यंत मी ऐकत राहायचे.

रबाळ्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तुम्ही सगळे त्याच बेंझीननं हात पुसायचात. रेझिनचे डाग साबणानं निघत नाहीत, म्हणून कापसाचा बोळा बुडवायचा, बोटं चोळायची आणि जेवणाचा डबा उघडायचा. तुमच्या शर्टांना गोडसर वास असायचा. ते भिजवताना डोकं धरतं, असं आई सांगायची. एकदा तिनं सरळच विचारलं, “अहो, हे अंगाला बरं असतं का?”

“अगं, हवेत असून असून किती असणार? दहा लाखांत काही भाग. नगण्य.”

नगण्य. मला थक्क करायचं असलं की तुम्ही रेणू मोजायचात, आणि आईला गप्प करायचं असलं की भाग. त्या काही भागांतले सुद्धा एका श्वासात किती आत जातात, हे तुमच्याइतकं त्या घरात कुणाला कळत होतं? आई दहावी झालेली. ती पुन्हा विचारायला धजली नाही.

मग तुमच्या अंगात रक्तच तयार होईना. वाशीच्या हॉस्पिटलात, उशीला टेकून, तुम्ही आम्हाला समजावून सांगत होतात. यकृत बेंझीनला बाहेर घालवायला बघतं, त्या खटपटीत त्याचं रूप बदलतं आणि ते नवं रूप हाडांच्या मगजात जाऊन बसतं. आवाज तोच, रविवारचा. तुमच्या डोळ्यांत चमक होती, बाबा. त्या चमकेची मला चीड आली.

“हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?” आईनं विचारलं.

“वाचलं होतं. पण ते माझ्या हातांबद्दल आहे, असं कधी वाटलं नाही.”

आई उठून बाहेर व्हरांड्यात गेली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मीही तिच्यामागं जायला उठले होते. पण तुमचं सांगणं अर्धवट राहिलं होतं. मी परत स्टुलावर बसले आणि विचारलं, “मगजात गेल्यावर ते पुढे काय करतं?”