सरावाचा केसपेपर

सोमवार, ५ तारीख

पोचले एकदाची! प्रवासात कंबरेचा पार भुगा झाला, पण खोली पाहून सगळा शीण गेला. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाला लागूनच. पूर्वेला खिडकी, लिहायला टेबल, आणि चक्क मऊ उशी. आमच्या संस्थेनं आजवर मला जिथं जिथं टाकलंय त्या मानानं हा राजवाडाच. आल्या आल्या लेकीला फोन केला. नववा महिना भरत आलाय तिला. अठरा तारखेच्या गाडीत बसते, तोवर दम धरा, असं तिला आणि पोटातल्याला दोघांनाही बजावलं. ती हसली आणि म्हणाली, आई, तिथल्या नर्सेसना फार छळू नकोस हं.

छळायला कुठं आलेय? हृदय पार थकलेले, आता बरे न होणारे रुग्ण असतात. त्यांचे उरलेले दिवस सुखाचे कसे करायचे, हे सहा नर्सेसना शिकवायचं. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणायचं. दोन आठवडे वर्ग, सतराला परीक्षा, की मी मोकळी.

वॉर्ड दाखवायला मोठ्या सिस्टर आल्या होत्या. सगळ्या त्यांना याच नावानं हाक मारतात. बावीस वर्षं याच वॉर्डात आहेत. हसणं बहुधा त्यांच्या ड्युटीत बसत नाही. म्हणे तुमच्याआधी दोघी शिकवायला आल्या होत्या, परीक्षेपर्यंत एकही टिकली नाही. मी म्हटलं, मी चिवट आहे.

मंगळवार, ६

पहिला वर्ग. सहा खुर्च्या मांडलेल्या, आणि सहाजणी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या. तिथूनच सुरुवात केली. धडा पहिला, मरणाऱ्या माणसाशी उभ्यानं बोलायचं नाही, खुर्ची ओढून बसायचं. एकही बसली नाही. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, आमची माणसं कशी मरू द्यायची हे आता बाहेरच्यांनी येऊन सांगायचं का? मी म्हटलं, हो, कारण तुम्ही त्यांना मरूसुद्धा धड देत नाही. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत.

मग सराव घेतला. मी रुग्ण झाले आणि सगळ्यांत लहान आहे त्या चष्मेवालीला विचारलं, मी बरी होईन ना गं? पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी सगळ्यांसमोर सुनावलं, रडू लॉकरमध्ये ठेवून वॉर्डात येत जा, पर्स ठेवता तसं. कुणी हसलं नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. जरा जास्तच बोलले, कळतं मला. पण या जिभेला हाड नाही, त्याला काय करू?

गुरुवार, ८

आज एक युक्ती केली. कागदावरच्या खोट्या रुग्णाला या मुली फिदीफिदी हसतात. म्हणून मीच सात नंबरच्या खाटेवर जाऊन झोपले आणि केसपेपरवर स्वतःचं खरं नाव, खरं वय लिहिलं. वजन एकसष्ट किलो. निदान: हृदय निकामी, शेवटचा टप्पा. खाली सही ठोकली. सरावाच्या पेपरवर वरती लाल शाईनं ‘सराव’ लिहायचं असतं, तसा नियमच आहे. मी मुद्दाम लिहिलं नाही, म्हणजे गांभीर्यानं घेतील. मोठ्या सिस्टरांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मग भराभर शिकवत गेले. मला काही झालेलं नाही असं रुग्ण म्हणाला तर वाद घालायचा नाही, हात हातात घेऊन बसायचं. शेवटी शेवटी नको त्या तपासण्या आणि सुया बंद करायच्या. नातेवाइकांना वेळेत सांगायचं, आणि ‘आमची काळजी करू नकोस, तू जा’ हे म्हणायला त्यांना शिकवायचं, त्यानं माणसाचा जीव सुटतो. रुग्णाच्या हातात चष्मा, रुमाल, काहीही असो, ओढून घ्यायचं नाही. तो सोडेपर्यंत थांबायचं. सगळ्यांनी लिहून घेतलं. बसून!

शुक्रवार, ९

सकाळी चहाच्या आधी वजनकाटा घेऊन सगळ्या माझ्या दारात. अशा रुग्णाचं वजन रोज करायचं असतं, अंगात पाणी साठतंय का ते कळतं, हेही मीच शिकवलेलं. त्रेसष्ट भरलं. मी म्हटलं, काटा बिघडलाय. चष्मेवालीनं खुर्ची ओढली, माझा हात हातात घेतला आणि गप्प बसली. मला हसू फुटलं. पैकीच्या पैकी मार्क दिले तिला.

सोमवार, १२

सहासष्ट. मोठ्या सिस्टर स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. त्यांचं वजन बरोबर दाखवतो.

चपला पायात जाईनात. जिना चढताना दोनदा थांबले. खोलीत येऊन बघते तर पलंगावर तीन उश्या. मी मागितल्या नव्हत्या, पण एका उशीवर आडवं होववेना, हेही खरं. दुपारी चष्मेवालीनं माझ्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी बघत होते, भरतच नव्हता.

वर्गात स्पष्ट सांगितलं, सराव संपला, आता पुस्तक उघडा. सहाजणी खुर्च्या ओढून माझ्याभोवती बसल्या. हो का आजी, म्हणाल्या. परवापर्यंत मॅडम होते. आजी व्हायला अजून आठवडा आहे मला.

मंगळवार, १३

डॉक्टरांकडे गेले. ईसीजी काढा म्हटलं, दोन मिनिटांचं काम, दूध का दूध पानी का पानी होईल. त्यांनी केसपेपर उघडला, माझी सही पाहिली. म्हणाले, नको त्या तपासण्या बंद करायच्या असं सिस्टरांचं मत आहे, आणि मला ते पटतं. मी आरडाओरडा केला. मग तेसुद्धा खुर्ची ओढून बसले.

माझं जेवण त्याच आणतात. पाणी मापून देतात. मोठ्या सिस्टर उशी नीट करतात तेव्हा त्यांचे ओठ हसतात, डोळे नाही. गुरूची विद्या गुरूला. हे मी गमतीनं लिहीत नाहीये. मला भीती वाटते.

बुधवार, १४

सकाळी बॅग भरली. अकरा पायऱ्या उतरले आणि छाती फुटायला आली. कुणी अडवलं नाही. खाली चाकाची खुर्ची घेऊन उभ्याच होत्या.

दुपारी त्या जेवायला गेल्या तेव्हा फायलींचं कपाट उघडलं. माझ्या पेपरवर लाल शाईनं ‘सराव’ लिहिलं, मोठ्या अक्षरात, दोनदा. त्याच्याखाली आणखी दोन पेपर होते. दोन्ही बायका. व्यवसाय: प्रशिक्षिका. खाट सात. वर ‘सराव’ नाही. शेवटच्या रकान्यात मृत्यूची तारीख, वेळ — मोठ्या सिस्टरांचं सुबक अक्षर.

संध्याकाळी माझ्या खाटेला नवा पेपर लावला. जुना खराब झाला होता म्हणे, स्वच्छ प्रत काढली.

हो, माझ्या खाटेला. सात नंबर. खोली बंद केलीय.

गुरुवार, १५

लेकीचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आतच ती रडत होती. त्यांनी सगळं सांगितलंय तिला. हळुवारपणे, टप्प्याटप्प्यानं, मी शिकवलं तसं. मी ओरडले, अगं, मला काही झालेलं नाही, या बायका खोटं बोलताहेत, कुणालातरी पाठव, मला घेऊन जा — पण धाप एवढी, की एका दमात दोनच शब्द निघत. ती म्हणाली, हो आई. हो गं आई. वाद घालायचा नाही हे तिलाही सांगितलं असणार. अशा दिवसांत तिचे डॉक्टर तिला प्रवास करू देत नाहीत म्हणाली. मग थांबली. मागून कुणीतरी सुचवल्यासारखी थांबली. आणि म्हणाली, आई, आमची काळजी करू नकोस. तू जा.

माझ्याच पोटच्या पोरीनं —

शुक्रवार, १६

बहात्तर. चार उश्या. तोंडासमोर छोटा पंखा, त्यानं बरं वाटतं — मीच —

बसूनच झोपते. झोप नाहीच.

चष्मेवाली एकटी होती. म्हटलं, चुकले मी त्या दिवशी. माफ कर. मला जाऊ दे, माझी लेक अडलीय तिकडे. तिनं शांतपणे हात हातात घेतला. मी म्हटलं, निदान रड तरी गं माझ्यासाठी, एकदा. ती म्हणाली, रडू लॉकरमध्ये ठेवलंय, आजी.

शनिवार, १७

परीक्षा. सकाळचे अकरा. ऊन आलंय. खिडकी उघडली त्यांनी — बरोबर.

सहा खुर्च्या. सहाही बसलेल्या. कुणी उभी नाही. बरोबर.

मोठ्या सिस्टरांच्या मांडीवर पेपर. तारीख घातलीय. वेळ कोरी.

फोन वाजतोय. लेकीचा असेल. बाळ — कुणी उचलत नाही — त्रास नको म्हणून —

मला आजी व्हायचंय. खरी.

हात जड. पेन अजून माझ्याच बोटांत आहे. धरून ठेवलंय. कुणी ओढत नाही. सहाजणी नुसत्या बघतायत पेनाकडे. छान शिकल्या. थांबल्यात, मी सोडेप