तुळसाबाईंच्या गॅलरीतली फांदी

आदरणीय संघपालमामा,

सप्रेम जयभीम. मामींचा गुडघा आता कसा आहे? संत्र्याची तोडणी सुरू झाली असेल, म्हणून फोन न करता लिहिते आहे. (फोनवर बोलले तर बाबा ऐकतील.) इकडे सगळे बरे आहोत. बाबांच्या तळहातांना मलम लावणं चालू आहे, पण ते त्यावर बोलत नाहीत, तेव्हा तुम्हीही विचारू नका.

आमच्या कडुनिंबाची मोठी फांदी शेजारच्या तुळसाबाईंच्या घरावर गेली होती, हे तुम्ही पाहिलंच आहे. बाबांचं म्हणणं, अख्खं झाडच पाडू. शेवटी असं ठरलं की मी ती फांदी कोणाच्याही घराला न लावता खाली उतरवून दाखवायची. लागली, तर झाड जाणार. कळमेश्वरच्या कारखान्यात मी रोज क्रेनने याहून जड वस्तू उतरवते, त्यामुळे मी हो म्हटलं. महापालिकेकडून छाटणीची परवानगी काढली, फांदीचं वजन काढलं (अडीच क्विंटल, पाल्यासकट), आणि फांदीला बांधलेला दोर वरच्या भक्कम बेचक्यातून खाली आणून बुंध्याला तीन वेढे दिले. वेढ्यांवर दोर घासत राहतो, त्यामुळे एकटा माणूसही एवढं वजन आरामात धरू शकतो. तो माणूस म्हणजे बाबा. वर करवत घेऊन झाडं छाटणारा अंकुश. सूचना एका शब्दाची असावी असं आम्हाला शिकवतात, म्हणून मी दोनच शब्द ठरवले: अंकुशसाठी ‘काट’, बाबांसाठी ‘ढील’.

संक्रांतीच्या आठवड्यात नागपुरात हे शब्द निवडायला नको होते, एवढं मान्य.

अंकुशने खाच दिली. त्याला थांबायला सांगून मी तुळसाबाईंच्या कुंड्या हलवायला गेले. तेवढ्यात मागच्या गच्चीवर कोणाची तरी पतंग कटली आणि सगळी पोरं एका सुरात ओरडली, “ओ काट!” अंकुशने काटलं. (नंतर म्हणतो, “ताई, तुमीच तं म्हटलं होतं, काट ऐकलं का काटजो.”) तरीही काही बिघडलं नसतं, वेढे होते, बाबा होते. पण बाबांनी त्या आरोळीसरशी आभाळात पाहिलं आणि जन्माच्या सवयीने, दोन्ही हातांनी, अगदी मनापासून ढील दिली.

फांदी झोका घेऊन तुळसाबाईंच्या गॅलरीत शिरली आणि कठड्यावर बसली. काही फुटलं नाही. तुळसाबाई बाहेर आल्या, त्यांनी फांदी हलवून पाहिली आणि तिच्यावर ओलं लुगडं टाकलं. आता त्या ती उतरवू देत नाहीत. “राहू दे वं पोरी. सावली बी हाय अन् कपडे बी लवकर वाळते.” (सावलीत लवकर कसे वाळतात, हे मी विचारलं नाही.)

बाबा मात्र कॉलनीभर सांगत आहेत, “मी कायले सोडीन दोर? पोरीचं गणित चुकलं!” सोमवारी ते झाड पाडायची परवानगी मागायला जाणार आहेत.

मामींना जयभीम सांगा.

तुमची भाची,
प्रीती

ता. क. बाबा फक्त तुमचं ऐकतात. सोमवारच्या आत फोन करून एवढंच विचारा, “भाऊजी, ढील कोनं देल्ली?” आणि उत्तराची वाट न पाहता ठेवून द्या.

ता. क. २. झाड राहणार असेल, तर गणित माझंच चुकलं असं चारचौघांत म्हणायला मी तयार आहे.

ता. क. ३. गणित चुकलं नव्हतं.