डावीकडचा स्नायू

क्योतो, १८ नोव्हेंबर १९७५

प्रिय सुमिए,

आधी रागावून घेतो, खुशाली मग विचारतो. गेले दहा दिवस माझं डोकं असं तापलंय की शेजारच्या ओकादाबाईंनी दिलेल्या सलगमाच्या लोणच्याला मी अजून हातही लावलेला नाही. आणि याला कारण तुझी लेक!

कानाएचं पत्र आलं. तिच्या शाळेत मानवी कातडीचा नवा नमुना आणलाय म्हणे. प्लास्टिकचा, उशीएवढा ठोकळा. वर केस, कापलेल्या बाजूला थर, घामाच्या ग्रंथी, खाली चरबी. बाईंनी शिकवलं की थंडी वाजली की केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू आखडतो, केस उभा राहतो आणि अंगावर काटा येतो. बाकीच्या पोरांनी लिहून घेतलं. आपल्या बयेने काडीला दोरा बांधून ओढून पाहिलं आणि मला लिहिलं, 'आजोबा, केस उजवीकडे कललाय आणि स्नायू लावलाय डावीकडे. तो मुळाला डावीकडे ओढेल, मग केस उभा कसा राहील? आणखी आडवा होईल ना? बाई म्हणाल्या, पुस्तक वाच. आई म्हणाली, आजोबांना विचार.'

मी पत्र घेऊन ताडकन उठलो. अगं, चाळीस वर्षं मी हेच केलं! कागदाचा लगदा साच्यात दाबून, वाळवून, रंगाचे हात देऊन माणसाची कातडी घडवली. एकेक केस ओवताना मान मोडली. आणि आता हे प्लास्टिकवाले उठतात, वाट्टेल तिथे स्नायू चिकटवतात आणि देशभरच्या शाळांना पाठवतात! आमच्या पिढीने असला आंधळा कारभार केला असता का, असं मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकवलं. तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरला.

त्या प्लास्टिकवाल्यांचा कारखाना ओसाकाच्या वाटेवर आहे. तिथला व्यवस्थापक हिराओका पस्तिशीचा, गुळगुळीत दाढी, बोलणं त्याहून गुळगुळीत. टेबलावर तोच नमुना होता, उकडलेल्या कोळंबीसारखा गुलाबी. मी छत्रीच आपटली. म्हटलं, हा गाढवपणा कुणी केला, त्याला माझ्यासमोर उभा करा. त्याने वाकून चहा पुढे केला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'गुरुजी, एवढासा तर स्नायू. कुणाच्या लक्षात येतंय?'

सुमिए, ते वाक्य ऐकून मी छत्री भिंतीला टेकवली आणि खाली बसलो. त्याला वाटलं, म्हातारा शांत झाला. मग त्याने अगदी आदराने नमुना उलटा केला आणि म्हणाला, 'आम्ही आमच्या मनाचं काहीच केलेलं नाही. तुमचा कारखाना बंद करताना तुम्ही साचे आम्हाला दिलेत ना, त्यावरूनच काढलाय. बघा, तुमचा अंगठासुद्धा तसाच ठेवलाय.' तळाला अंगठ्याचा ठसा होता आणि त्यावर माझ्या अंगठ्याला चाकू लागल्याची तिरकी खूण. रंग बदलला म्हणून मी माझंच काम ओळखलं नव्हतं. चहा न पिता बाहेर आलो आणि छत्री तिथेच विसरलो.

ही चूक कशी झाली ते मी विसरलो होतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. सतरा वर्षांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवते. उजवीकडे घामाच्या ग्रंथीचं वेटोळं आधीच करून बसलो होतो, जागा उरली नव्हती, प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. मी स्नायू डावीकडे सरकवला. आपल्याकडची रीत अशी की साचा काढण्याआधी मूळ प्रतीच्या ओल्या मातीवर शेवटचा हात ज्याचा, त्याने तळाला अंगठा लावायचा. म्हणजे हे बरोबर आहे, जबाबदारी माझी. शेवटचा हात नेहमी तुझा असायचा. तू पाहिलंस आणि म्हणालीस, 'बाबा, हा केस झोपेल. मी अंगठा लावणार नाही.' समोर व्यापारी बसलेला. मी काय म्हणालो? 'कुणाच्या लक्षात येतंय? तुला इथे नाजूक बोटांसाठी ठेवलंय, अक्कल शिकवायला नाही.' आणि माझाच अंगठा दाबला. तू सगळे ब्रश धुतलेस, ओळीने टांगलेस आणि मावशीकडे कानाझावाला निघून गेलीस. मी तुझ्या आईला म्हणालो, येईल संध्याकाळपर्यंत.

मला अजून संताप येतोय, पण तो कुणावर काढू? सतरा वर्षं शाळाशाळांतून मी पोरांना खोटं शिकवत राहिलो! आणि तूही काही कमी नाहीस! दर नववर्षाला दोन ओळींचं कार्ड, तब्येत सांभाळा, बस्स. भांडायचं तरी होतंस! लेकीने विचारलं तेव्हा उत्तर तुला पाठ होतं, तरी म्हणालीस, आजोबांना विचार. त्या प्रश्नामागे कोण होतं, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

तर ऐक. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हिराओकाकडे गेलो आणि त्याच्या दारात बसून राहिलो. डिसेंबरात आणखी तीनशे नमुने शाळांना जाणार होते. शेवटी तो कबूल झाला: तीस तारखेच्या आत नवी मूळ प्रत दिली तर नवा साचा करू, नाहीतर जुनेच जातील. गेला आठवडाभर मी मातीत हात घालून बसलोय. केस दहा वेळा मोडले. पण या खेपेला ग्रंथीचं वेटोळं खाली घेतलं आणि स्नायू उजवीकडे केला, केस कलतो त्याच बाजूला. बरोबर झालाय असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याचा भरवसा काय, ते तू पाहिलंयस.

तळ कोरा ठेवलाय. त्यावर माझा अंगठा मी लावणार नाही. माती सुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ओलं फडकं बदलतो. तू बरोबर होतीस, सुमिए. चूक माझी होती, आणि चुकीहून वाईट होतं ते माझं बोलणं. कानाएला घेऊन ये. नीट बघ, चुकलं असेल तर तोंडावर सांग, मी मोडून पुन्हा करीन. आणि बरोबर असेल तरच अंगठा लाव. तुझे ब्रश अजून तिथेच टांगलेले आहेत.

तुझाच,
बाबा