पडदा न विझण्याबाबत

ती. साडूभाऊ यांस,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच करून टाकतो, कारण पत्राच्या शेवटी केली तर ती मनापासून वाटणार नाही. जिना उतरताना अजून कटकट वाजतो का? ताईंचा खोकला कसा आहे? माझं उत्तम चाललंय. भूक वेळेवर लागते, आणि स्वयंपाक मीच करत असल्यामुळे ती दोन घासांत मरतेसुद्धा.

तुमची मेहुणी, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे येऊन आज सोळा दिवस झाले. का आली ते तिनं सांगितलं असेलच, आणि तिनं सांगितलं म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं असणार. माझी बाजू ऐकण्याचा प्रसंग तुमच्यावर आता येतो आहे. जाताना तिनं अट एकच घातली: आमच्या कॉम्प्युटरचा पडदा आपला आपण विझायला लागला की कळवा, मी येते. (शब्द याहून झोंबणारे होते, आशय हाच.) तेव्हा हे पत्र संपूर्णपणे तांत्रिक आहे, आणि ते तसंच वाचावं.

कॉम्प्युटर मुलीनं दिला. आमची पुढची खोली तुम्ही पाहिली आहे. खिडकीखाली टेबल, समोर दिवाण, मधे चालायला जेमतेम जागा. टेबलावर कॉम्प्युटर बसला आणि त्याचा उजेड बरोबर दिवाणावर पडायला लागला. आता ही पहाटे पाचला उठते, आठ ते एक शिवणाचा वर्ग घेते, आणि जेवण झालं की त्या दिवाणावर तासभर आडवी होते. तेवढी एकच चैन तिनं आयुष्यात केली. पडदे ओढून खोलीत अंधार करायचा आणि समोर हा पांढरा फटफटीत उजेड! ती म्हणाली, बटण दाबून बंद करा की. मी म्हटलं, दाबणार नाही. यंत्रात आपोआप विझण्याची सोय दिलेली आहे, ती चाललीच पाहिजे. लिफ्ट बिघडली म्हणून तपासनिसानं लोकांना जिन्यानं पाठवायचं असतं का? (छत्तीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या, हे तिला ठाऊक आहे. तिला ते फारच ठाऊक आहे.)

सोयी दोन आहेत. काही वेळ कोणी हात लावला नाही की पडद्यावर रंगीत फुगे तरंगू लागतात, याला स्क्रीनसेव्हर म्हणतात. आणखी काही वेळ गेला की पडदा काळा होतो. दोन्हींची मिनिटं आपण ठरवायची. मुलीनं फोनवर सांगितलं, बाबा, आधी एक मिनिट ठेवून बघा. ठेवलं. पुढची सूचना मी पडद्यावर वाचत होतो, निम्म्या ओळीत आलो आणि अंधार. हा दोष मी वहीत ‘अकाली विझणे’ म्हणून नोंदवला आणि फुग्यांना दहा मिनिटं, अंधाराला पंधरा मिनिटं दिली. त्यानंतर फुगेही आले नाहीत आणि अंधारही झाला नाही. मी सेटिंग पुन्हा केलं, फुगे काढून मासे लावले, मासे काढून नुसता काळा रंग लावला, तो काढून पुन्हा फुगे लावले, यंत्र बंद करून चालू केलं. सहा दुपारी, एकूण एकोणीस चाचण्या, एकोणीसही नापास. अहो, नाकी नऊ आले.

चाचणीची पद्धत सांगतो, म्हणजे हलगर्जीपणाचा संशय नको. मी समोर खुर्ची टाकून बसायचो. मनगटावर घड्याळ आहे, पण यंत्राची चाचणी यंत्राच्याच घड्याळावर घ्यायची हा आमच्या खात्याचा नियम. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. त्यात मिनिटं दिसतात, सेकंद बघायचे तर माउसनं त्यावर टिचकी मारावी लागते. तर नऊ मिनिटं झाली की मी टिचकी मारून सेकंद बघायचो, वहीत लिहायचो, आणि पुढे दर मिनिटाला तसंच करत वाट बघायचो. हसू नका. तुमच्याही ते अजून लक्षात आलं नसेल, आलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात आणि ते ताईंना सांगू नका.

सातव्या दुपारी भडका उडाला. वास्तविक मी शांतपणे काम करत होतो. उजेडानं तिच्या झोपेवर नक्की काय परिणाम होतो हेही नोंदवायला हवं, म्हणून मी अधूनमधून हळूच विचारायचो, झोपलीस का गं? ती नाही म्हणायची. मी लिहायचो. त्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो, आणि तिनं उठून वही उघडली. एका रकान्यात पडदा होता, शेजारच्या रकान्यात ती होती. ‘२.१० जागी. २.२० जागी. २.३५ उत्तर दिले नाही, पुन्हा विचारले, जागी.’ मी बाहेर आलो तेव्हा ती वही धरून उभी होती. म्हणाली, लग्नाला चौतीस वर्षं झाली, आता माझीही तपासणी चालू केलीत का? मी म्हटलं, नोंद परिपूर्ण असावी लागते. हे बोलायला नको होतं. चार वाजता ती पिशवी घेऊन निघाली, आणि तुम्ही नेमके त्याच दिवशी स्टँडवर तिला घ्यायला मोकळे होतात.

मग गेल्या मंगळवारी दुरुस्तीवाला आला. माणूस बोलका. चहा घेता घेता म्हणाला, आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर हिसका देते. साडूभाऊ, मला असा प्रश्न सेवानिवृत्तीनंतर कोणी विचारला नव्हता! मी त्याला दोर, वजन, ब्रेक, सगळं समजावलं. कागदावर आकृती काढून दिली. मधेच तो पडद्याकडे बघून म्हणाला, काका, हे बघा फुगे. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, फक्त झालं का, झालं का म्हणून सारखं हलवू नका त्याला. मग विचारलं, घरात आणखी कोण असतं? मी सांगितलं, सध्या कोणी नाही. तो लगेच निघाला. तो गेल्यावर मी दिवाणावर बसून वही पहिल्यापासून वाचली.

तर अहवाल असा, की दोष सापडला आहे. तो यंत्रात नव्हता. हे वाक्य मी तिच्यासमोर म्हणू शकेन असं वाटत नाही, म्हणून ते तुम्हाला लिहिलं आहे.

गुडघा शेकत जा. ताईंना नमस्कार.

तुमचा,
साडू

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर विसरा. मी सांगितलं म्हणून विसरलात असं वाटू देऊ नका. तिला असंही कळू द्या, की तिच्या नोंदींची पानं मी वहीतून फाडून टाकली आहेत. (नोकरीत मी एकही पान फाडलेलं नाही.)

ता. क. दुसरा. वरचा ता. क. तिच्यासाठी होता. हा वेगळ्या कागदावर तुमच्यासाठी, तो विसरू नका. पडदा मंगळवारपासून बरोबर पंधरा मिनिटांनी विझत होता. बुधवारी दुपारी विझला तेव्हा खोली इतकी गप्प झाली, की मी उठून माउस हलवला. गुरुवारी पाच वेळा हलवला. शेवटी सेटिंग ‘कधीच नाही’वर करून टाकलं. आता तो दिवसभर चालू असतो आणि मला बरं वाटतं. तरी तिला म्हणावं, विझतो. ती निघाली की मला एक फोन करा, सेटिंग बदलायला मला दोन मिनिटं पुरतात.

ता. क. तिसरा. नका करू फोन. अचानकच येऊ द्या. दारातून पडदा चालू दिसला की ती माझ्यावर ओरडेल, आणि सोळा दिवसांत या घरात माझ्यावर कोणीही ओरडलेलं नाही.