काढलेला बाण

२० नोव्हेंबर २०१७, सोमवार
वेबसाईट सुरू! नाव 'कापूसवाट'. बोंडअळीपासून खरेदी केंद्रापर्यंत सगळं एका जागी. जुन्या शहरात अब्बांच्या गादीच्या दुकानामागं ऑफिस थाटलं. अब्बा म्हणाले, आधी कापूस पिंजायला शीक. दुर्लक्ष केलं.
नियम पक्का. आपल्याच साईटच्या पानावर नेणारी लिंक साधी निळी. दुसऱ्याच्या साईटवर नेणारी असेल तर पुढं छोटा बाण. आपण कोणाच्या घरात आहोत हे वाचकाला कळलं पाहिजे.

२२ नोव्हेंबर
तेल्हाऱ्याचे पुंजाराम काका आले. अब्बांचे जुने दोस्त. तीस वर्षं आमच्या गाद्यांत त्यांचाच कापूस. सुनेचा मोबाईल आणला होता, त्यावर साईट शिकवली. काका एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतात. म्हटलं, बाण दिसला की ते दुसऱ्याचं, फोन करून खात्री करा. बाण नसला की ते माझं, बिनधास्त राहा. काकांनी दोनदा म्हणून दाखवलं. मी मास्तर व्हायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
आकडे पाहिले. लोक येतात, खरेदी केंद्राच्या बाणावर टिचकी मारतात आणि पसार. हे तर गिऱ्हाईकाला चहा पाजून समोरच्या दुकानात पाठवणं झालं.
उपाय सापडला. केंद्राच्या खरेदीच्या तारखा त्यांच्या साईटवरून उचलून आपल्याच पानावर टाकल्या. बाण काढला. नगमानं विचारलं, तारखा त्यांच्या, पान तुमचं. त्यांनी बदलल्या तर? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावणं कठीण.
संकल्प: रोज सकाळी दहाला त्यांची साईट पाहून आपलं पान ताजं करायचं.

२५ नोव्हेंबर
दहाला पाहिलं. बदल नाही.

२७ नोव्हेंबर
साडेअकराला पाहिलं. चालतं.

२९ नोव्हेंबर
लाईट नव्हती.

१ डिसेंबर
जुम्मा. शिवाय लोगोचा रंग ठरवायचा होता. आकडे मात्र झकास! तेल्हाऱ्याहून रोज एक वाचक, अकरा-अकरा मिनिटं थांबतो. तेल्हारा जिंकलं. आता अचलपूर.

५ डिसेंबर, मंगळवार
पुंजाराम काका दुकानात. सोबत ओल्या कापसाची आठ गाठोडी. अर्ध्याहून जास्त पीक अळीनं नेलं. उरलेलं वेचून काल भाड्याच्या ट्रॉलीतून केंद्रावर नेलं, तर फाटकाला कुलूप. तारीख आठवडाभर पुढं गेली होती. त्यांच्या साईटवर चार दिवसांपासून लिहिलेलं आहे. माझ्या पानावर जुनीच. दुपारी पाऊस आला. ओला कापूस आता केंद्र घेत नाही.
मी म्हटलं, सर्व्हरचा प्रॉब्लेम होता.
काका रागावले नाहीत. म्हणाले, "बाण असता त म्या फोन लावला असता, बाप्पा. बाण नोयता. मले वाटलं, तुयंच हाये."
नगमानं त्यांना पाणी दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

७ डिसेंबर
अब्बांनी सगळा कापूस गच्चीवर वाळत घातलाय. गाद्यांसाठी आपणच घेऊ म्हणाले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गच्चीवर जायची लाज वाटते. टाकीचं पाणी बघायला नगमाच जाते.

८ डिसेंबर
बाण परत लावला. त्याच्या वरच्या ओळीत माफी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात नेटवर्क आलं. दुसऱ्यात पाऊस. दोन्ही खोडले. तिसरा एका ओळीचा: 'तारीख बदलल्याचं मी पाहिलं नाही, चूक माझी, काका माफ करा. हसनैन.' सर्व्हर म्हणजे मीच होतो, हे इथं लिहून ठेवतो.

१० डिसेंबर, रविवार
दोन दिवसांत वाचक: एक. तेल्हाऱ्याहून. म्हणजे ती अकरा मिनिटं काकांचीच होती. जिंकलेलं तेल्हारा तेवढंच.
आज आले आणि बाणावरून बाहेर गेले. चार सेकंद थांबले. काकांना एक ओळ वाचायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो.